पायसुटीचा नववा नियम

६ मार्च

वन्सं, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानातले चष्मे खपताहेत ना? इकडे सगळे मजेत. तुमच्या बंधूंची टाच पुन्हा धरली आहे. डॉक्टरांनी जाड तळव्याचे बूट दिलेत आणि ते पायातून काढायचे नाहीत असं बजावलंय. ते एवढंच पथ्य इमानदारीनं पाळतात, आणि मी पुसलेल्या फरशीवरच पाळतात.

मुख्य बातमी अशी की पायसूट महासंघाच्या चिटणीसपदी माझी निवड झाली. बिनविरोध. (दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं तुमचे बंधू म्हणाले. दुखणं टाचेला आहे, जिभेला नाही.) तुम्ही इतकी वर्षं त्या हॉलमध्ये दिवा-पंच होतात आणि एक दिवस राजीनामा टेबलावर आपटून चष्म्याचं दुकान थाटलंत. तेव्हा म्हटलं, घरातलं कोणीतरी महासंघात राहावं. शिवाय आपली मुंगी यंदा शहराच्या संघात आहे. हो, तीच. अजून ओला टॉवेल पलंगावर टाकते, नळ उघडा ठेवते आणि विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटते. एकोणीस वर्षांची झाली, पण रेषेवर उभी राहिली की मात्र दगड.

नव्या प्रेक्षकांसाठी मी माहितीपत्रक केलंय. चुका काढा, तुम्हाला तेवढीच हौस.

‘पायसूट हा सावल्यांचा खेळ आहे. दोन संघ, प्रत्येकी सात खेळाडू. हॉलच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या रेषा. खेळाडू रेषेवर अनवाणी उभे राहतात. पंचांनी दिवा लावून शिट्टी दिली की त्यांच्या सावल्या पायांपासून सुटतात आणि फरशीवर खेळू लागतात. सावलीनं समोरच्या खेळाडूच्या पायाला शिवलं की तो बाद. खेळाडूनं स्वतः हलायचं नाही, टाच उचलली तर तोही बाद. दुसऱ्या शिट्टीला सावल्या परत येतात. मग जोडणी. खेळाडूनं दिव्यासमोर हात वर करायचा, सावलीनंही केला की घरी जायला मोकळे. प्रेक्षकांनी पायातलं पायात ठेवावं. चपलेचा तळवा मध्ये असला की सावली सुटत नाही.’

एक बदल झालाय, तो तुम्हाला आवडणार नाही म्हणून शेवटी लिहिते. नववा नियम रद्द केला. आपले अध्यक्ष, खुर्चीवाले, यांचा खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा तुम्हाला माहीत आहेच. खेळ फरशीवर, त्यामुळे मागच्या रांगांना पुढच्यांची टकलं सोडून काही दिसत नाही. मागे कोणी बसणार नसेल तर खुर्च्या कोणासाठी मांडायच्या? म्हणून यापुढे सावल्यांना भिंतीवर चढायला परवानगी. ‘उभा खेळ’ म्हणायचं त्याला. मी समितीत विचारलं, हा नियम मुळात केला कशासाठी? एकालाही ठाऊक नव्हतं. मग हरकत तरी कोण घेणार? दोन मिनिटांत मंजूर.

तुमची वहिनी


१४ मार्च

वहिनी,

अभिनंदन. तुझ्या पत्रकात चूक नाही, हे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

बाकी, ज्या नियमाचं कारण कोणाला ठाऊक नाही तो काढून टाकायचा, या न्यायानं तुमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना काढावं लागेल. खुर्चीवाले हा प्रस्ताव माझ्याही वेळी घेऊन आले होते. राजीनामा त्याच्यावरूनच होता. मी आपटला नव्हता, ठेवला होता. टेबलच डुगडुगतं, आता तू त्याच्याशी बसतेस, बघशीलच.

मला खेळ शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी कारण सांगितलं होतं. सावली फरशीवर आडवी असते तोवर ती सावली असते. भिंतीवर गेली की ती उभी राहते. उभं राहून तिला माणसाएवढ्या उंचीवरून दिसायला लागतं, आणि मग तिला पुन्हा कोणाच्या पायाशी लोळायला आवडत नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. त्यांनी मला कार्यालयात नेलं आणि दाराजवळच्या फोटोसमोर उभं केलं. पहिला विजेता संघ, सात जण, मागे भिंत. भिंतीवर खेळलेला तो एकच संघ. तू त्या दारातून रोज आत जातेस. एकदा थांबून त्या सात जणांच्या टाचा बघ. त्यानंतर मी काही सांगणार नाही.

मुंगीला भिंतीवर खेळू देऊ नकोस. रागावली तर माझं नाव सांग. आत्या खडूस आहे हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दादाला म्हणावं, बूट काढू नकोस.

तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

उत्तराला उशीर झाला, पण इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. पहिला उभा सामना झाला. काय सांगू तुम्हाला. चौदा सावल्या पांढऱ्या भिंतीवर, छतापर्यंत उंच, एकमेकींवर धावून जाताहेत, आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खुर्चीवर उभा. (खुर्चीवाल्यांनी त्याला खाली बसवलं. खुर्ची त्यांची.) आपण जिंकलो. मुंगीची सावली सगळ्यांत उंच गेली. जोडणीलाही कोणी अडलं नाही, सगळे हात वर, सगळे पास.

तुमचा फोटो बघायचा होता, पण कार्यालयाला रंग देणं चाललंय आणि फोटो कुठल्याशा कपाटामागे गेलाय. आणि खरं सांगू का, जुन्या फोटोतल्या लोकांच्या टाचा बघायला मला वेळ नाही.

उलट खेळाचा मुंगीवर किती चांगला परिणाम झालाय ते ऐका. पोरगी सुधारली. टॉवेल दोरीवर. नळ बंद. सकाळी मी खोलीतला दिवा लावते न लावते तोच उठून बसते, हाका माराव्या लागत नाहीत. चालणं तर असं हलकं झालंय की घरात आहे की नाही कळत नाही, चवड्यांवर चालते, नर्तकीसारखी. बडबडही थांबली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. गेल्या आठवड्यात आम्ही जेवत असताना वीज गेली. मी मेणबत्ती शोधून लावली, तर ही पाण्याचा पेला ओठांशी धरून तशीच बसलेली. उजेड झाल्यावर पाणी प्यायली. म्हटलं, काय ही एकाग्रता! मी तिच्या वयाची असताना मला गणिताच्या पेपरातसुद्धा असं बसता आलं नव्हतं.

तुमचे बंधू मात्र ताटावरून उठून गेले. त्यांचं काहीतरी असतंच.

तुमची वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. समोर एक गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं, त्याला मी घरी पाठवलं.

टोमणे पुढच्या पत्रात. हे नीट वाच.

आज दिवेलागणीला मुंगीला भिंतीपासून दूर उभी कर, मागे एकच दिवा ठेव. हात वर करायला सांग आणि बघ की आधी कोण हलतं, ती का सावली. आम्ही पंच जोडणीला एवढंच बघायचो की दोघांचे हात वर आहेत ना. कोणाचा आधी गेला हे कधी बघितलं नाही. बघायची वेळच आली नव्हती. भिंतच नव्हती ना. आता तुमचे सगळे खेळाडू पास होताहेत आणि पासच होत राहतील, कारण सावलीनं हात वर केला की माणूस करतोच.

सावली पुढे असेल तर उपाय आहे. मास्तरीणबाईंनी सांगितलेला, मी कधी करून पाहिलेला नाही. भर दुपारी, सावली पायाखाली येते तेव्हा, पोरीला उघड्यावर अनवाणी उभी करायची. टाचा जमिनीला टेकवायच्या आणि सावली पुन्हा एका बाजूला सरकेपर्यंत सोडायच्या नाहीत. तेव्हा ती सगळ्यात आखूड असते, तिच्यात जोर नसतो. धरणाऱ्यानं स्वतःच्या पायातल्या चपला काढायच्या नाहीत. काही झालं तरी नाही.

मी आले असते, पण दादानं मागच्या वेळी मला सांगितलंय की तुझ्या घरात येताना तुझी परवानगी घ्यावी. घेते आहे.

तुझी नणंद


१५ एप्रिल

वन्सं,

परवानगी नाही.

मी आजवर तुमचं सगळं ऐकून घेतलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कपडे वाळत घालायला शिकवलंत, तेही ऐकलं. पण माझी मुलगी पहिल्यांदा कशाततरी पुढे जातेय आणि तुम्हाला त्यात भुतं दिसायला लागली. तुम्ही ज्या खुर्चीवरून उठलात तिच्यावर मी बसले, हे तुमचं खरं दुखणं. त्यावर चष्मा नाही तुमच्या दुकानात.

एवढं लिहिलंच आहे तर हेही कळवते. अंतिम सामना पाच मेला. अध्यक्षांची कल्पना अशी की सामना संपल्यावर सगळ्या प्रेक्षकांनी चपला-बूट काढायचे आणि आपापली सावली भिंतीवर पाठवायची. सगळं शहर एका भिंतीवर. तिकिटं आधीच संपलीत.

चिटणीस, पायसूट महासंघ


१६ एप्रिल

वन्सं,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले. वाचू नका म्हणायला आता उशीर झालाय. वाचलं असेल तर विसरा.

आज सकाळी कार्यालयात रंगाऱ्यानं कपाट पुढे ओढलं आणि फोटो माझ्या हातात दिला, बाई हा कुठे लावू म्हणून. सात जण एका ओळीत आहेत. भिंतीवरच्या सातही सावल्यांचे तळवे जमिनीला घट्ट टेकलेत. आणि माणसांच्या टाचा वर आहेत. थोड्याच, बोटभर. दोरीवर टांगलेल्या कपड्यांसारखी दिसतात ती माणसं.

मी घरी आले. काही ठरवलं नव्हतं. मुंगी पाठमोरी उभी होती, मागे दिवा होता. म्हटलं, मुंगे, हात वर कर गं जरा.

फरशीवरचा हात आधी गेला.

फार नाही, डोळा मिटून उघडण्याइतकाच आधी. मग तिचा गेला. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण तीही फरशीवर आधी वळली होती. मी म्हटलं, कर खाली.

तुमचे बंधू दारात उभे होते. म्हणाले, त्या दिवशी अंधारात मी तिला हाक मारली होती, तू काड्यापेटी शोधत होतीस. तिनं ओ दिली नाही. मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीत? तर म्हणाले, तू किती खुश होतीस.

आभाळ भरून आलंय. ऊन नाही. काय करू?

तुमची वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

दोन्ही पत्रं एकाच टपालानं आली. दुसरं आधी उघडलं, पहिलं उघडणार नाही.

ऊन पडेपर्यंत वाट बघ. तोवर घरात शक्य तितका अंधार ठेव. अंधारात ती हलणार नाही, बोलणार नाही, ते बघवणार नाही तुला. पण अंधारात त्या दुसरीलाही काही करता येत नाही. तिला भिंतीजवळ झोपवू नकोस. सरावाला पाठवू नकोस. महासंघाला काय सांगायचं ते तू बघ, तुला कारणं देण्याचं वळण आहे.

ऊन पडलं की धर. चपला घालून.

मी गाडीचं बघते, पण पाच तारखेच्या सामन्याची जाहिरात इथेही लागलीय, त्यामुळे तिकडे येणारी एकही गाडी रिकामी नाही. सगळा मुलूख तुमच्याकडे निघालाय.

तुझी नणंद


२ मे

वन्सं,

झालं. आज झालं.

इतके दिवस आम्ही दोघं खिडक्यांना चादरी लावून बसलो होतो. पोरगी मधोमध खुर्चीवर. तुमचे बंधू अंधारात तिला लहानपणच्या गोष्टी सांगत होते, तिनं कुठल्या शेजाऱ्याच्या चपला विहिरीत टाकल्या वगैरे. ती काही हसली नाही. आज सकाळी चादरीच्या कडेनं ऊन आलं.

दुपारी मागच्या अंगणात नेली. इतके दिवस अंधारात बसलेलं पोर उजेडात आलं तसं लगेच भिंतीच्या दिशेला निघालं. आम्ही तिला आडवे आलो. सावली पायाखाली शिरत होती, वहीएवढी झाली होती, तरी तिच्यात काय ताकद होती हो. मी खाली बसून दोन्ही टाचा दोन्ही हातांनी दाबल्या. तळव्यांखाली बर्फाची लादी असावी असं गार. तुमच्या बंधूंना वाकता येत नाही, ते वरून खांदे दाबत होते आणि पोरगी अगदी शांत, पाटीवरची अक्षरं वाचावीत तशी म्हणत होती, ‘आई सोड. आई सोड. आई सोड.’ एकाच पट्टीत. मी सोडणारच होते, खोटं कशाला बोलू. मग एकदम तिचा आवाज फुटला आणि ती ओरडली, ‘अगं आई, पाय भाजतायत माझे!’

असं ओरडल्याबद्दल मी आयुष्यात कोणाचे इतके मुके घेतले नसतील.

संध्याकाळी टॉवेल पलंगावर पडला होता. मी तो तासभर उचलला नाही.

आता माझं ऐका. बाकीचे तेरा खेळाडू तसेच आहेत, आणि पाच तारखेला हॉलभर माणसं चपला काढून बसणार आहेत. मी खुर्चीवाल्यांकडे जाऊन आले. फोटो दाखवला. ते म्हणाले, फोटो जुना आहे, ओल लागली असेल. मग म्हणाले, नववा नियम परत आणायचा तर प्रस्ताव द्या, सामन्यानंतरच्या बैठकीत घेऊ. मी म्हटलं, सामन्यानंतर उपयोग काय? ते म्हणाले, चिटणीसबाई, कार्यक्रमपत्रिका छापून झालीय.

म्हणून मी सामन्याला जाणार आहे. माइक माझ्या हातात असतो. प्रेक्षकांना सरळ सांगेन की पायातलं पायात ठेवा. माझ्याच पत्रकात ते लिहिलंय. मुंगीला घरी ठेवते. तुमचे बंधू माझ्याबरोबर येणार, बूट घालून. आणि मी चपला काढणार नाही. तुमची शपथ.

तुम्ही सामन्यानंतर या, गाड्या रिकाम्या होतील. तुम्ही आलात की कपडे तुमच्या पद्धतीनं वाळत घालीन.

तुमची वहिनी


१९ मे

आत्या,

मी मुंगी. तुझी दोन पत्रं आईच्या नावानं आली आहेत, तिनं उघडली नाहीत, म्हणून मी उघडली.

सामन्याच्या दिवशी मी घरीच होते. जे झालं ते बाबांनी सांगितलं. आईनं माइक घेतला आणि सांगितलं, पायातलं पायात ठेवा. काही जणांनी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. मग खुर्चीवाल्यांनी माइक मागून घेतला, आणि हसत हसत विचारलं, ‘आमच्या चिटणीसबाईंनाच खेळाची भीती वाटते, मग प्रेक्षकांनी काय करायचं?’ सगळा हॉल हसला. बाबा म्हणतात, आई मारानं खचली नसती, पण हॉल हसला. तिनं खाली पाहिलं, आणि चपला काढून पहिल्या रांगेत नीट जोडून ठेवल्या. तिच्या मागोमाग सगळ्यांनी काढल्या. बाबांच्या बुटांच्या नाड्या सुटेपर्यंत शिट्टी झाली. काढत होते ते. मला म्हणाले, सगळे काढत होते गं.

आई आता बरी आहे. फार शिस्तीत वागते. दिवा लावला की उठते. माझा टॉवेल दोरीवर घालते, तूही नाव ठेवणार नाहीस असा सरळ. पूर्वीसारखी ‘आमच्या वन्सं’ म्हणत तुझी नक्कल करत नाही. महासंघानं तिला एकमतानं अध्यक्ष केलंय. खुर्चीवालेच सूचक होते. अशी बैठक कधी झाली नाही म्हणतात, सगळ्यांचे हात एकदम वर गेले.

काल गावभर फलक लागले. दुपारी कोणीही उघड्यावर येऊ नये. खाली आईची सही आहे. फलक नसता तरी कोणी येत नव्हतंच. दिवसासुद्धा घराघरातून दिवे लावलेले असतात, आणि रस्त्यावर गर्दी असली तरी पावलांचा आवाज येत नाही. आवाज करतात ते फक्त बाबांचे बूट. लोक वळून बघतात. मी पण आता जाड तळव्याचे घालते.

रात्री बाबा दिवा मालवतात आणि आईच्या समोर बसतात. ती जिथे असेल तिथेच थांबलेली असते. काल तिचा हात माझ्या केसांशी आला होता, तिथेच राहिला. बाबा तिला सांगत असतात, बायको कशी भांडायची ते. मग उठून दिव्याशी जातात आणि बराच वेळ बटणाला हात लावत नाहीत.

मी एकदा करून बघितलं, भर दुपारी, मागच्या अंगणात, दाराला कुलूप लावून. एकटीच्या हातून आईच्या टाचा खाली येत नाहीत. बाबांना वाकता येत नाही. अजून दोन हात हवेत.

तू विचारलंयस की कोणत्या गाडीनं येऊ. सकाळच्या नको, संध्याकाळच्याही नको, तेव्हा फलाटावर सगळ्यांच्या सावल्या लांब असतात. दुपारी ये. चपला घालूनच उतर. मी स्टेशनच्या पुलाच्या कडेला उभी असेन आणि तुला बघून हात वर करीन.

मी हाक मारली तरी लगेच पुढे येऊ नकोस. आधी जमिनीकडे बघ.

तुझी मुंगी